पांढरीवरच्या दोन हाका

मोबाइलवर एक मजकूर वर्षातून चारदा तरी फिरत फिरत माझ्याकडं येतो. आमचं बालपण किती भारी होतं, आम्ही दिवसभर उन्हातान्हात उंडारायचो, विहिरीत उड्या मारायचो, दुसऱ्याच्या रानातली बोरं खायचो, आईबापाला पत्ता नसायचा, तरी आमचं काही वाकडं झालं नाही, असं सगळं. खाली जोडलेल्या हातांची चित्रं. आमच्यातले ड्रायव्हर लोक तो मोठ्यानं वाचून दाखवतात, "खरंय बाई" म्हणत उसासा सोडतात, आणि उसासा सोडून झाला की त्याच मोबाइलवर रील बघत बसतात. मी एसटीत कंडक्टर आहे. बीडच्या गाड्यांवर पंचवीसेक वर्षं झाली. लोकांची बालपणं मी रोज ऐकते, आणि खरं सांगायचं तर कंटाळले आहे.

त्या मजकुरातलं खोटं काहीच नाही. विहिरी खऱ्या, बोरं खरी, आणि आईबापाला पत्ता नसणं तर लईच खरं. फक्त त्यात दुपार नसते. बारा-साडेबाराला पाखरंसुद्धा गप झाल्यावर रानात जी शांतता पडते, ती कुणी लिहीत नाही. मी लिहिणार आहे. कुणाचं नाव मात्र घेणार नाही. त्याला कारण आहे, ते पुढं येईल.

आधी माझी एक खोड सांगते. मी पहिल्या हाकेला ओ देत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. प्रवासी मागून "ओ बाई, ओ बाई" करत राहतात आणि तिसऱ्यांदा म्हणाले की मी वळते. डेपोत मला बहिरी बाई म्हणतात. फोनचं तेच. दोनदा वाजून बंद झाला तर हात लावत नाही, तिसऱ्यांदा उचलते. नवरा म्हणतो, "यम आला न्यायला तरी ह्या बाईपायी त्याला तीन खेपा माराव्या लागतील." मी हसते. ही खोड मला कुठं लागली ते मी त्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

आमचं गाव वडवणीच्या अंगाला, डोंगराच्या कडेला. दिवाळी झाली की ते रिकामं व्हायचं. मुकादमाचा ट्रक यायचा, त्यात तवा, परात, अंथरुणं, कोंबड्या, तान्ही लेकरं आणि सगळी कामाची माणसं भरायची, आणि ट्रक ऊसतोडीला निघून जायचा. आमचे आईबाप त्यातच. मागं राहायचं कोण, तर म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. आळीच्या आळी कुलूपबंद. कुत्री आत शिरू नयेत म्हणून दारांना बोराटीच्या फांद्या लावलेल्या. पाच महिने गाव तसंच असायचं. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की पाडव्याच्या मागंपुढं माणसं परत यायची.

आमच्या घरी आजा, मी आणि माझी धाकटी बहीण. मी अकरा वर्षांची, ती सातची. आज्याला एका डोळ्यानं दिसायचं नाही आणि दुसऱ्यानं आंधुक दिसायचं. दोन भाकरी थापल्या, शेरडं सोडली की मला विचारणारं कुणी नव्हतं. मास्तर आठवड्यातले दोन दिवस तरी तालुक्याला जायचे, त्या दिवशी शाळेलाही कुलूप. आम्ही आठ-दहा पोरं शेरडांमागं जायचो आणि शेरडांना विसरायचो. ओढ्याच्या डोहात तळ दिसेस्तोवर डुंबायचं, कुणाच्या तरी हरभऱ्यातले डहाळे उपटून काट्याकुट्यांवर भाजायचे, तोंडं काळी करून एकमेकांना हसायचं. परकरात बोरं भरून आणायची आणि आज्याला बोळक्या तोंडानं चघळायला द्यायची. कुणाच्या पायात काटा मोडला तर दुसऱ्यानं दातानं काढायचा. धाकटी सदा माझ्या परकराला धरून. मी तिला हुसकायचे, "चल हट, शेपूट" म्हणायचे, आणि ती दहा पावलं मागं राहून परत यायची. ते दिवस चांगले होते. मी उगाच नाक मुरडत नाही. त्या पाच महिन्यांत मी जेवढी मोकळी होते तेवढी नंतर कधीच झाले नाही.

आज्यानं आम्हाला फार बंधनं घातली नाहीत. विहिरीत पोहा म्हणाला, झाडावर चढा म्हणाला. इंगळ्या कुठं असतात तेवढं सांगून ठेवलं. नियम फक्त दोन, आणि दोन्ही पांढरीचे.

गावाच्या वर एक टेकाड होतं, पांढऱ्या मातीचं, तीच पांढरी. फार पूर्वी गाव तिथं होतं म्हणे, मग कसल्याशा मरीत माणसं खाली येऊन राहिली. आता तिथं घर एकही नाही. लोक धाब्याच्या घरांवर टाकायला तिथली माती खणून आणायचे, त्यात काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघायचे, मणी, खापरं, कधी दात. टेकाडाच्या माथ्यावर जुनी पेवं होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली धान्याची कोठी. तोंड एवढंसं, एक माणूस कसाबसा उतरेल इतकं, आणि आत खोली मावेल एवढी जागा. बहुतेक बुजलेली. एक-दोन नुसती फरशीनं झाकलेली. आम्हाला खेळायला तीच जागा आवडायची, कारण लपायला तिच्यासारखी दुसरी नव्हती.

आज्याचा पहिला नियम असा: दुपारच्या पारी पांढरीवर कुणाला नावानं हाक मारायची नाही. "कावून?" मी विचारलं होतं. आजा म्हणाला, "तिथं हाय कुनीतरी. त्याला आपल्यावानी बोलायला येत न्हाई. नाव ऐकलं की ते नाव शिकतंय." त्यामुळं पांढरीवर आम्ही सगळे नुसते 'ए' होतो. नावं खाली गावात ठेवून जायचो.

दुसरा नियम: कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. कारण त्याला दोनच हाका मारता येतात. तिसरी माणसाचीच. हा नियम तुमच्यातल्याही पुष्कळांना ठाऊक असेल. बऱ्याच गावांत तो सांगतात आणि लोक ऐकून सोडून देतात. आम्ही सोडून दिला नाही. आम्हाला सांभाळायला मागं हे दोन नियमच होते, दुसरं कोण होतं?

संक्रांतीच्या आधीचे दिवस होते. बोरं पिकून खाली सडा पडला होता. मास्तर तालुक्याला गेलेले. आम्ही लपंडाव खेळत होतो आणि राज्य माझ्यावर होतं. मी बाभळीला डोकं टेकून अंक मोजले, वळले आणि एकेकाला हुडकायला लागले. खड्ड्यातला सापडला, भिंताडामागच्या दोघी सापडल्या, बोराटीच्या जाळीत अडकलेला रडत बाहेर आला. सगळे सापडले. धाकटी सापडेना.

ती लपण्यात हुशार नव्हती. लपली की खिदळायची आणि हसण्यावरून सापडायची. त्यामुळं मला वाटलं, ही खेळ सोडून घरी गेली. बाकीच्या पोरांना तहान लागली होती, ती खाली डोहाकडं गेली. "तू बघ, आमी हाव खाली," म्हणाली. मी एकटी वर राहिले.

तेव्हा ती शांतता पडली. वारा थांबला. खाली पोरांचा आवाज यायला पाहिजे होता, तो येत नव्हता. शेरडं चरताना दातांचा आवाज होतो तोही नाही. मी टेकाडाच्या मधोमध उभी होते आणि मला उगाच वाटलं की आपल्याकडं कुणीतरी बघतंय. मागं वळून बघितलं तर काही नाही. पांढरी माती, ऊन, आणि माझ्याच पायांचे ठसे.

मग हाक आली. "आक्का."

धाकटीचा आवाज. अगदी तिचाच, नाकातला, शेवटी लांबवलेला. पण तो कुठून आला ते कळेना. पुढून नाही, मागून नाही. खालून आल्यासारखा वाटला. मी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. एक, मी मनात म्हणाले.

"आक्का."

दोन.

मी तिसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले. मुठी आवळून, श्वास धरून. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण माझ्या घोट्यावरून मुंगळा वर चढला आणि मी त्याला झटकला नाही, एवढं आठवतं. तिसरी हाक आली नाही. एकदा वाटलं, ही धाकटीच असली तर? मग वाटलं, ती असती तर तिसरी मारली असती, तिला नियम ठाऊक आहे. मग मी पळाले. टेकाड उतरताना पाय घसरून गुडघा फुटला, तरी थांबले नाही. डोहावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले आणि कुणाला काही बोलले नाही.

धाकटी घरी नव्हती. मी आळीत बघितलं, कुलूपबंद दारांच्या फटींतून आत बघितलं, देवळामागं बघितलं. पांढरीकडं मात्र गेले नाही. पोरांनी विचारलं तर म्हणाले, असंल कुठंतरी. दिवस कलला, शेरडं आपापली घरी आली, आणि आज्यानं अंगणात बसल्या बसल्या विचारलं, "बारकी कुठाय?"

"खेळता खेळता गेली कुठंतरी," मी म्हणाले.

"खेळत कुठं व्हता?"

"पांढरीवर."

आजा उठला. फेटा डोक्याला गुंडाळला, काठी घेतली, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना हाळी दिली. मी कंदील घेऊन मागं. अजून अंधार नव्हता, डोंगरावर उजेड होता. टेकाडावर आजा काठीनं माती ठोकत ठोकत चालला. एका जागी थांबला आणि धाकटीला नावानं हाक मारली. संथ, देवाला बोलवावं तशी. थांबला. दुसरी मारली. थांबला. मग तिसरी.

आणि आमच्या पायाखालून "ओ" आली.

फरशी अर्धी सरकलेली होती. त्या फटीतून ती आत उतरली होती आणि घसरून तळाला गेली होती. आज्यानं डोक्याचा फेटा सोडला, त्याचं टोक खाली सोडलं, आणि तीन म्हाताऱ्यांनी मिळून तिला वर ओढलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झालेली. रडत नव्हती. आज्यानं तिला छातीशी धरलं आणि म्हणाला, "भली शानी माजी बाय, तीन हाका झाल्याबिगर ओ दिली न्हाईस." तिनं त्याच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. एकदाच. त्या बघण्यात काय होतं ते मला तिथल्या तिथं कळलं. हिला ठाऊक आहे, मी वर होते. हिला ठाऊक आहे, मी ऐकलं आणि पळाले.

गावात ती गोष्ट कौतुकाची झाली. तीन हाकांनी पोर वाचली म्हणून. पाडव्याला आईबाप परत आले तेव्हा आजा रंगवून सांगायचा. आईला मात्र ती कौतुकाची वाटली नाही. पुढच्या दिवाळीला ट्रक आला तेव्हा तिनं धाकटीचं गाठोडं बांधलं. "हिला मी हितं ठेवत न्हाई. माझ्या डोळ्यापुढं ऱ्हाऊ दे." मला ठेवलं, कारण आज्याला भाकरी कुणी घालायची?

म्हणजे बघा. मी राहिले आणि शाळेत गेले. धाकटी दुसरीत होती, ती शाळा तिथंच सुटली. ती उसाच्या फडात वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधायला शिकली, मागून झालेल्या बारक्या भावाला सांभाळायला शिकली, पंधराव्या वर्षी लग्न होऊन नवऱ्याबरोबर कोयत्याला लागली. तीस वर्षं ऊस तोडला तिनं. मी दहावी झाले, पुढं ह्या नोकरीला लागले, खाकी घालून खिडकीशी बसून फिरले. माझ्या गाडीत दर दिवाळीनंतर तिच्यासारख्या बायका गाठोडी घेऊन चढायच्या. मी त्यांना जागा करून द्यायचे आणि ड्रायव्हरला दोन घंट्या मारायचे.

लोक म्हणतात, बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. आम्ही दोघी न बोलणाऱ्या. वाईट काही नव्हतं. सणाला जाणं-येणं होतं, चोळी-बांगडी होती, लेकरांची लग्नं एकमेकींनी लावून दिली. पण ती माझ्याशी बोलताना माझ्याकडं बघायची नाही, भाकरीकडं नाहीतर बाळाकडं बघायची. आणि मला दर वेळी वाटायचं, आज सांगावं. तुझ्या हाका मी ऐकल्या होत्या, मी भ्याले, माझं चुकलं, असं सांगून मोकळं व्हावं. वाटायचं, आणि गाडीची वेळ व्हायची. आई गेली, आजा तर केव्हाच गेला. हे कबूल करणारं माणूस मी एकटीच होते, आणि मी मेले असते तर ते माझ्याबरोबर गेलं असतं. त्याची मला लई भीती वाटायला लागली होती.

मागच्या हिवाळ्यात तिच्याकडं गेले होते. तिचं सासर वडवणीजवळच आहे. गुडघे गेले म्हणून त्या साली ती ऊसतोडीला गेली नव्हती. लेक-सून गेली, नातू तिच्याजवळ ठेवून. पाच वर्षांचा नातू दारातल्या बाजेवर बसून मोबाइलमध्ये डोकं घालून होता. बाहेर टळटळीत ऊन, बोरीखाली बोरांचा सडा, एक पोर तिकडं फिरकत नव्हतं. आतून ती चुलीपुढं बसल्या बसल्या त्याला हाक मारत होती. "ए पोरा, पानी आन." काही नाही. "ए पोरा." काही नाही. तिसरी झाली, चौथी झाली.

"ह्याला तेरावी लागतीया," मी म्हणाले. "आपल्याला तिसरी पुरायची."

बोलून गेले आणि जीभ चावली. चाळीस वर्षांत आम्हा दोघींपैकी कुणी ती गोष्ट काढली नव्हती. तिचा भाकरी थापणारा हात थांबला. मग परत चालू झाला, पण हळू.

म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मला तुला एक सांगायचंय," मी म्हणाले. "त्या दिवशी मी वरच हुते. तुझ्या हाका ऐकल्या मी. दोनदा. ओ दिली न्हाई. तिसरीची वाट बघितली आन् पळून गेले. आज्यालाबी सांगितलं न्हाई. मी तवाच ओ दिली असती तर तू तासाभरात वर आली असतीस, आईला भ्या वाटलं नसतं, तुझी शाळा सुटली नसती. मी हे रोज मनात घेऊन फिरते."

तिनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"कसल्या हाका?" ती म्हणाली.

"तुझ्या. 'आक्का' म्हनून."

आता तिनं माझ्याकडं बघितलं. लहानपणानंतर पहिल्यांदा असं सरळ बघितलं असेल. "मी हाक मारलीच न्हाई, आक्का. माझ्या तोंडात परकराचा बोळा हुता. आधी हसू येऊ ने म्हनून कोंबला, मंग घसरले आन् भ्यावानं तसाच धरला. आजा येईस्तोवर काढला न्हाई." जरा थांबली. "हाका तू मारल्यास की."

"मी?"

"तूच. माझं नाव घेऊन. पेवाच्या तोंडाशी बसल्यावानी आवाज आला, इतका जवळून. एक झाली. दुसरी झाली. मी मनात म्हनलं, आता तिसरी मारंल, मंग ओ देते. बोळ्याला हातसुदिक लावला मी. तर तू पळालीस. तुझं पाय वाजले वर, मला ऐकू आले."

मी म्हणाले, "मी पांढरीवर तुझं नाव घेतलं न्हाई. भर दुपारी? माझी काय बिशाद हुती?"

तव्यावर भाकर करपायला लागली, तिचा वास सुटला, आणि दोघींपैकी कुणी ती उलटली नाही. बाहेर बाजेवर पोरगं मोबाइलमध्ये बघून हसलं. माझ्या दंडावर काटा उभा राहिला होता आणि तो तिला दिसत होता.

"चाळीस वर्सं मी तुझ्यावर रुसले," ती शेवटी म्हणाली. "मला वाटायचं, नाव घेऊन दोनदा हाक मारायची हिंमत केली हिनं, तर तिसरीलाच काय जीभ झडली हुती? उसात हात कापला की वाटायचं. लेकराला टाकून फडात जाताना वाटायचं. एक हाक कमी पडली म्हनून मी हितं हाय."

मला लई रडू आलं. मी पन्नाशीची बाई, भर गाडीत चार गड्यांना खाली उतरवणारी, तिच्या चुलीपुढं बसून लेकरासारखी रडले. तिनं पिठाचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. तोच गुडघा, जो त्या दिवशी फुटला होता.

"आवाज कुनाचा का असंना," ती म्हणाली. "आपुन दोघी गप बसलो, एवढं खरं हाय."

करपलेली भाकर तिनं शेरडीला टाकली आणि दुसरी थापली. आम्ही जेवलो. मग खूप बोललो, कशाबद्दलही. तिच्या सुनेबद्दल, माझ्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल, आज्याच्या फेट्याबद्दल. ती हसताना नाकात हसते हे मी विसरले होते. साडेबाराची गाडी होती म्हणून मी उठले. तिला म्हणाले, येऊ नको, गुडघं दुखतील. ती दारातल्या बाजेवर टेकली आणि नातवाचं डोकं मांडीवर घेतलं.

तिच्या घरापासून फाटा पाऊण मैल. मधे ओढा लागतो, कोरडा. ओढा उतरून पलीकडं चढले तेव्हा तिचं घर बाभळींच्या आड गेलं होतं. तिथून हाक मारली तर ऐकू येणार नाही, मधे तेवढं अंतर आहे. वारा पडला होता. पाखरू वाजत नव्हतं. मला ती शांतता ओळखू आली आणि मी पाय उचलला.

तेव्हा मागून हाक आली. "आक्का."

नाकातली. शेवटी लांबवलेली.

एक, माझं मन म्हणालं. सवयच ती. आणि मग मला माझाच राग आला. किती वेळा मोजत उभी राहणार आहेस बये, मी स्वतःला म्हणाले. धाकटी असेल तर धाकटी आहे. नसेल तर नसेल. एकदा माझ्या बहिणीच्या आवाजात हाक आली होती आणि मी गप बसले होते, त्यात एका पोरीचा जन्म गेला.

"ओ," मी म्हणाले. मोठ्यानं. "ओ गं. हाय मी हितं. आले."

उत्तर आलं नाही. दुसरी हाकही आली नाही. फाट्यावर गाडी येऊन थांबल्याचं ऐकू आलं. कंडक्टर ओळखीचाच असणार, त्यानं जरा वेळ वाट बघितली असेल. मग दोन घंट्या वाजल्या आणि गाडी गेली. मी वळले आणि ओढा उतरले. मागं बघितलं नाही, पण पावलं लांब टाकली, हे कबूल करते.

धाकटी मी सोडून गेले होते तशीच बसली होती. बाजेवर, भिंतीला टेकून. नातू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता, मोबाइल त्याच्या मुठीत. ती जागची हलली नव्हती. तिच्या पदरावर पोराची लाळ वाळली होती.

"कावून गं?" ती दबक्या आवाजात म्हणाली, पोर उठू नये म्हणून. "गाडी चुकली?"

"हाक मारलीस ना?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्या खांद्यावरून मागच्या वाटेकडं बघितलं, ओढ्यापर्यंत. तिथं बराच वेळ बघत होती.

"हां," ती म्हणाली. "मारली की. ये आत."